डोंगरातल्या कळपाचा ताळेबंद

आमच्या नोकरीच्या काळात मार्चअखेर म्हणजे घरच्यांना तोंड न दिसण्याचे दिवस. खाती जुळली, फरक सापडला, ताळेबंदावर सही झाली की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माणूस जरा सैल व्हायचा. निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेत, डेन्व्हरला राहायला गेलो, तेव्हा पाहिलं की नेमकी याच आठवड्यात शेजारच्या घरी मार्चअखेरीची लगबग चालली आहे. शेजारी म्हणजे सत्तरी ओलांडलेले निवृत्त शिक्षक. जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरलेले, एक जाडसर पुस्तिका उघडी, तिच्या कडांना रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या आणि बाजूच्या वहीत आकड्यांचे रकाने. मला वाटलं, आयकराचं विवरणपत्र असावं. तिकडे त्याचीही मुदत एप्रिलमध्येच असते. ते म्हणाले, "छे हो, हे त्याहून महत्त्वाचं. शिकारीचा अर्ज आहे."

शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहतं ते संस्थानिकांच्या काळातलं. हाकारे, मचाण, हत्ती आणि मेलेल्या वाघाशेजारी बंदूक टेकून काढलेला फोटो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते चित्र भिंतीवरच राहिलं आणि शिकार हा शब्द वर्तमानपत्रात पोलिसांच्या बातमीत तेवढा भेटू लागला. त्यामुळे नाकाच्या टोकावर चष्मा ओढलेला एक मास्तर पेन्सिलीनं रकाने भरत शिकारीचा अर्ज करतोय, हे दृश्य मला पचायला जरा जडच गेलं. पण मग तिकडे आणखी काही फेऱ्या झाल्या, गप्पा झाल्या, त्या पुस्तिका वाचून झाल्या, डोंगरही पाहून झाले. जन्मभर लेजरात डोकं घातलेल्या माणसाला त्यात बंदुकीपेक्षा हिशेबच जास्त दिसला. आणि हा हिशेब अलीकडे जुळेनासा होत चाललाय, हेही दिसलं.

कोलोरॅडो हे राज्य क्षेत्रफळानं महाराष्ट्रापेक्षा थोडं लहान. वस्ती मात्र साठ लाखांच्या आसपास, आणि तीही बहुतेक रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी, डेन्व्हरच्या पट्ट्यात. पर्वत ओलांडून पश्चिम उतारावर उतरलं की माणसं विरळ होत जातात. वन्यजीव खात्यानं सगळ्या राज्याचे दीडशेहून अधिक तुकडे पाडलेत, त्यांना युनिट म्हणतात. नद्या, रस्ते आणि डोंगरांच्या धारा या त्यांच्या हद्दी. आपल्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी गट नंबर असतात तसे तिथल्या शिकाऱ्याच्या तोंडी युनिटचे क्रमांक. "यंदा चोवीसात काय म्हणतंय?" असं एकमेकांना विचारतात आणि समोरचा पावसापाण्याबद्दल सांगावं तसं सांगतो.

या राज्याच्या वायव्येला, व्हाइट रिव्हर नदीच्या उगमाकडे, फ्लॅट टॉप्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. १२, २३, २४, ३३ अशा क्रमांकांची युनिटं याच्या अंगाखांद्यावर. नावाप्रमाणेच माथे सपाट. प्रथम पाहिले तेव्हा मला थेट आपला सह्याद्री आठवला, आणि ते उगाच नव्हतं. ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर गोठून झालेला काळा बसाल्ट तिथंही आहे. फरक एवढाच की हे पठार दहा-अकरा हजार फुटांवर आहे आणि वर्षातले सात-आठ महिने बर्फाखाली असतं. पठाराच्या पोटात ट्रॅपर्स लेक नावाचं तळं आहे. १९१९ मध्ये आर्थर कारहार्ट नावाच्या वनखात्यातल्या तरुण माणसाला या तळ्याभोवती बंगल्यांचे प्लॉट आणि रस्ता आखायला पाठवलं होतं. त्यानं मोजणी केली आणि वर कळवलं की इथं काहीच बांधू नये, हे आहे तसंच ठेवावं. नोकरीत असताना वरिष्ठांना असं लिहायचं धाडस किती जणांना होतं, हे माझ्यासारख्याला चांगलं ठाऊक आहे. खात्यानं त्याचं ऐकलं, हे आणखी विशेष.

उन्हाळ्यात या पठारावर चरायला येतात ते एल्क. आपल्या सांबराहून मोठं, घोड्याएवढ्या उंचीचं हे हरीण. भरलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. काश्मीरमध्ये दाचीगामच्या जंगलात आता जेमतेम काही शे उरलेला हंगुल हा त्याचा जवळचा भाऊबंद. नराची शिंगं दर वसंतात गळतात आणि पुन्हा उगवतात. ऐन वाढीच्या दिवसांत एका दिवसात इंच इंच वाढतात. सप्टेंबरात माजावर आलेला नर जी शीळ घालतो ती एकदा ऐकली की विसरता येत नाही. एवढ्या धिप्पाड जनावराच्या गळ्यातून बासरी फुटल्यासारखा बारीक, चढत जाणारा सूर निघतो आणि शेवटी दोन-तीन हुंकार. दुसरं हरीण म्यूल डियर. खेचरासारखे मोठे कान, म्हणून हे नाव. एल्क गवतावरचा गडी, तर हे झुडपांचा पाला खाणारं, नाजूक पोटाचं.

आज कोलोरॅडोत सुमारे पावणेतीन ते तीन लाख एल्क आहेत. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यात इतके नाहीत, आणि फ्लॅट टॉप्सच्या परिसरातला कळप त्यांतला सगळ्यांत मोठा. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सगळ्या राज्यात मिळून हजारभर एल्कही उरले नसावेत, असा अंदाज आहे. त्याआधीच्या पन्नास वर्षांत सोन्याचांदीच्या खाणी निघाल्या, खाणकामगारांच्या वस्त्यांना मांस लागू लागलं आणि बंदूकवाल्यांनी ते गाड्या भरभरून पुरवलं. कातडी विकली. एल्कच्या वरच्या जबड्यात हस्तिदंतासारखे दोन सुळे असतात. एल्कचंच नाव घेतलेल्या एका मोठ्या बंधुमंडळाच्या सभासदांत ते घड्याळाच्या साखळीला लटकवायची टूम निघाली, तर त्या दोन दातांसाठी सबंध जनावर मारून टाकून देणारेही निघाले. आणि ज्या यूट लोकांनी पिढ्यान् पिढ्या याच खोऱ्यात शिकार केली होती, त्यांना १८७९च्या उठावानंतर दोनच वर्षांत पलीकडे यूटाच्या रखरखीत मुलखात हाकलून देण्यात आलं. त्या उठावात मारल्या गेलेल्या सरकारी एजंटाचं नाव आज खोऱ्यातल्या मुख्य गावाला आहे, मीकर. आजच्या पुस्तिकेत या सगळ्याला एखादी ओळ मिळते, न मिळते.

मग शिकार बंद झाली. १९१०च्या दशकात वायोमिंगकडून रेल्वेनं एल्क आणून कोलोरॅडोच्या डोंगरांत सोडले. त्याआधी, १९०० मध्ये, चोरून मारलेलं जनावर राज्याबाहेर विकण्यावर बंदी घालणारा लेसी कायदा झाला होता. रानातल्या जनावराचं मांस विकायचं नाही, हा दंडक तेव्हापासून पक्का होत गेला. आजही तिथला शिकारी आपल्या एल्कचं मांस कुणालाही भेट देऊ शकतो, विकू मात्र शकत नाही. उलट खाण्याजोगं मांस डोंगरात टाकून शिंगं तेवढी घेऊन आला, तर तो गुन्हा.

पैशाची खरी सोय झाली १९३७ मध्ये. पिटमन-रॉबर्टसन नावाचा कायदा झाला. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसं यांवरचा अकरा टक्के अबकारी कर सरळ राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवण्यात आला. रक्कम वाटायची ती राज्याचं क्षेत्रफळ आणि परवानाधारकांची संख्या पाहून. खर्चातले तीन हिस्से केंद्रानं द्यायचे, एक राज्यानं घालायचा. त्यात एक अट अशी आहे की तिचा मसुदा करणाऱ्याला मी मनातल्या मनात सलाम केला: राज्यानं शिकार-परवान्यांच्या फीमधला एक डॉलर जरी दुसऱ्या कामाला वळवला, तरी त्याला हा पैसा मिळणार नाही. विशिष्ट कामासाठी आलेला निधी हळूच भलतीकडे कसा जिरतो, हे ज्यानं सरकारी खाती हाताळली आहेत त्याला सांगायला नको. तिथं ते भोक १९३७ मध्येच बुजवलं गेलं. आज कोलोरॅडोत वन्यजीवांची मोजदाद, रक्षक, शेतकऱ्यांच्या गवताच्या गंजी एल्कनं खाल्ल्या तर द्यायची भरपाई, असं बरंचसं काम या करावर आणि परवान्यांच्या फीवर चालतं. परराज्यातल्या शिकाऱ्याला एल्कच्या परवान्यासाठी स्थानिकाच्या दहापटीहून जास्त पैसे मोजावे लागतात. खात्याच्या जमेच्या बाजूला त्याचाच आधार मोठा.

आता या खात्याचं हिशेबाचं वर्ष पाहा. जूनच्या सुमारास माद्या वितात. सप्टेंबरात धनुष्यबाणवाल्यांचा हंगाम. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत रायफलीचे चार छोटे छोटे हंगाम. हंगाम संपला आणि बर्फ पडलं की जनावरं खालच्या उघड्या माळावर उतरतात, तेव्हा खात्याची माणसं हेलिकॉप्टरमधून त्यांची पाहणी करतात. सगळी जनावरं कुणीच मोजू शकत नाही. ते पाहतात प्रमाण: शंभर माद्यांमागे नर किती, पाडसं किती. शंभरामागे पन्नासेक पाडसं दिसली तर सगळे खुशीत. तिशीच्या खाली गेली की कपाळाला आठ्या. त्यावरून कळपाचा अंदाज बांधतात. प्रत्येक कळपासाठी किती जनावरं असावीत याचा एक पल्ला आधीच ठरलेला असतो. अंदाज पल्ल्याच्या वर गेला तर माद्यांचे परवाने वाढवायचे, खाली आला तर कापायचे. मे महिन्यात आयोगासमोर हे आकडे मंजूर होतात. नराचा परवाना म्हणजे व्याजाची रक्कम काढणं. मादीचा परवाना म्हणजे मुदलाला हात. कुठल्या युनिटात यंदा काय संधी आहे, या प्रश्नाचं निम्मं उत्तर मे महिन्यातच लिहिलेलं असतं.

उरलेलं निम्मं नशिबावर. परवान्यांसाठी सोडत निघते. पहिल्या पसंतीचं युनिट मिळालं नाही, तर दिलासा म्हणून एक पॉइंट खात्यात जमा होतो. पुढच्या वर्षी ज्याचे पॉइंट जास्त त्याला आधी. एकदा मनासारखा परवाना मिळाला की खातं शून्यावर. मोठ्या शिंगांच्या नरांसाठी नावाजलेली २, १० आणि २०१ ही युनिटं याच वायव्य कोपऱ्यात आहेत. तिथं परराज्यातल्या माणसाला वीस वीस वर्षांहून अधिक थांबावं लागतं. आमच्या शेजाऱ्यांच्या खात्यात बावीस पॉइंट होते. दरवर्षी लागणारे पॉइंट थोडे वर सरकतात, कारण मागून येणाऱ्यांची रांग वाढतेच आहे. हिला मी मनाशी नाव ठेवलंय: मुदत संपायच्या दिवशीच मुदत वाढणारी ठेव. ते हसले, पण त्यांच्या बायकोला माझं म्हणणं जास्त पटलेलं दिसलं. "आता त्याच्या गुडघ्यांची मुदत आधी संपेल," म्हणाली.

तोपर्यंत काय, तर दुसऱ्या पसंतीचा मादीचा परवाना, नाहीतर सोडतीशिवाय दुकानातून मिळणारा नराचा. मीठ, खिळे, दोरखंड विकणाऱ्या दुकानात परवाना मिळतो. तो घेऊन हे गृहस्थ बहुतेक वर्षी फ्लॅट टॉप्सच्या पायथ्याशी तंबू टाकतात. अंगात झगझगीत नारिंगी जाकीट आणि तशीच टोपी हवी, कायदाच आहे. २०१६ पासून गुलाबीही चालते. ते सात-आठ दिवस डोंगर चढतात, उतरतात आणि बहुधा रिकाम्या हातानं परततात. राज्यभरात पाच शिकाऱ्यांपैकी साधारण एकाला एल्क मिळतो. आपल्याला वाटतं, बंदूक आहे म्हणजे जनावर मेलंच. तसं नाही. पहिल्या दोन-चार गोळ्या वाजल्या की अनुभवी माद्या कळप घेऊन खाजगी रँचच्या कुंपणापलीकडे जातात आणि सरकारी जंगलातला परवानेवाला तारेच्या अलीकडून दुर्बिणीनं पाहत बसतो. जनावर जनतेचं आणि गवत मालकाचं. हे भांडण तिकडे शंभर वर्षांचं आहे. जमीनमालकांना वेगळे परवाने मिळतात, ते हजारो डॉलरना हातोहात जातात, आणि रांगेत वीस वर्षं उभा राहिलेला मास्तर ते पाहत राहतो. मांस विकायचं नाही हा नियम जितका उदात्त आहे, तितकी ही पळवाट मला खुपली.

एका वर्षी त्यांना मादी मिळाली. हाडं काढलेलं मांस पाकिटं करून फ्रीझरमध्ये गेलं, वर तारीख आणि युनिटचा नंबर लिहिलेला. एक पाकीट आमच्याकडेही आलं. आमची ही माहेरची कोल्हापूरची. जावई बिचकत होता, पण हिनं कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून कुकरच्या शिट्ट्या काढल्या. मांसाला चरबी जवळजवळ नाही, म्हणून तेल हात सैल सोडून घालावं लागलं. रस्सा उत्तम झाला. मात्र पाकिटासोबत शेजाऱ्यांनी एक छापील कागद दिला होता, तो मी नीट वाचूनच पानावर बसलो. तो प्रयोगशाळेचा अहवाल होता.

या कागदाची गोष्ट १९६७ मध्ये सुरू होते. डेन्व्हरच्या उत्तरेला फोर्ट कॉलिन्सला संशोधनासाठी बंदिस्त ठेवलेली म्यूल डियर खंगून मरू लागली. खातात, पण झिजत जातात. मान खाली, लाळ गळते, नजर हरवलेली. १९७८ मध्ये कळलं की मेंदूला भोकं पाडणारा हा रोग आहे, ब्रिटनच्या गाईंत पुढे जो गाजला त्याच्याच जातकुळीतला. १९८१ मध्ये तो कोलोरॅडोच्या रानातल्या एल्कमध्ये सापडला. हा जिवाणू नाही, विषाणूही नाही. बिघडलेलं प्रथिन आहे, ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं, शिजवून मरत नाही, कारण मुळात जिवंतच नसतं. लस नाही, औषध नाही. माणसाला त्याची लागण झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित जनावर खाऊ नये असं आरोग्य खातं सांगतं. म्हणून डोकं तपासायला द्यायचं आणि अहवालाची वाट पाहायची. फ्रीझरमधल्या मांसासाठी कुटुंबंच्या कुटुंबं दोन-दोन आठवडे थांबतात.

व्हाइट रिव्हरच्या खोऱ्यातल्या म्यूल डियरमध्ये हा रोग मुरलेला आहे. नरांत त्याचं प्रमाण माद्यांपेक्षा जास्त, वय वाढलेल्या नरांत आणखी जास्त. म्हणजे ज्या मोठ्या शिंगांच्या पोक्त नरासाठी माणूस वीस वर्षं पॉइंट जमवतो, तोच रोगाचा मोठा वाहक. रोग आवरायचा तर असे नर कमी ठेवले पाहिजेत, नरांचे परवाने वाढवले पाहिजेत. शिकारी म्हणतात, मग आम्ही रांगेत कशासाठी उभे राहिलो? सभांमध्ये यावर खडाजंगी होते. मला विचाराल तर खात्याचं बरोबर आहे. बुडीत कर्ज मान्य करायला जितका उशीर, तितकं ते वाढतं. पण रांगेतल्या माणसाला हे तोंडावर सांगणं सोपं नाही.

आणि मग २०२२-२३चा हिवाळा आला. वायव्य कोलोरॅडोत त्या वर्षी बर्फ खूप पडलं, लवकर पडलं आणि वर घट्ट कवच धरून बसलं. जनावराला खुरानं उकरून खालचं गवत काढता येईना. आयुष्यभर त्या खोऱ्यात राहिलेल्या म्हाताऱ्यांनीही असे हिवाळे थोडेच पाहिलेत. एल्क रस्त्यांवर, रेल्वेच्या रुळांवर, गोठ्यांच्या दाराशी येऊन उभे राहिले. गळ्यात रेडिओचे पट्टे घातलेली पाडसं एकामागून एक मेली. अशा वेळी लोकांना वाटतं, गवत का टाकत नाहीत? पण हरणाच्या पोटातले जंतू त्या ऋतूतल्या झुडपांच्या पाल्याला सरावलेले असतात. एकाएकी सुकं गवत मिळालं तर पोट भरूनही ते मरू शकतं. शिवाय एका ठिकाणी गर्दी झाली की रोगाला आमंत्रण. हिवाळ्यात जनावर चरून नाही, शरद ऋतूत साठवलेली चरबी जपून जगतं. त्याला एकदा उगाच पळायला लावलं तरी शिलकीतून मोठी रक्कम जाते. म्हणूनच पश्चिम भागातल्या सरकारी जमिनीवर गळालेली शिंगं गोळा करायलाही १ जानेवारीपासून एप्रिलअखेर बंदी आहे, २०१८ पासून.

२०२३ मध्ये खात्यानं या भागातले परवाने मोठ्या प्रमाणात कापले. उत्पन्न बुडालं ते खात्याचं, आणि मीकरसारख्या अडीच हजार वस्तीच्या गावातल्या खानावळींचं, मोटेलवाल्यांचं, मांस कापून देणाऱ्या खाटकांचं, घोड्यांवरून सामान वाहून नेणाऱ्या वाटाड्यांचं. आपल्याकडे उसाचा हंगाम हातचा गेला की तालुक्याचा बाजार बसतो, तसं. तरी या कपातीविरुद्ध फार ओरड झाली नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. ज्यांना मारायचं आहे त्यांनीच यंदा कमी मारू म्हणून मान डोलावली.

आपल्याकडे काय होतं? १९७२च्या आधी मध्य प्रांतात आणि नंतर विदर्भातही जंगलाचे शिकारी ब्लॉक पाडलेले असत. वनखात्याकडे फी भरून पंधरवड्याचा परवाना मिळे. ब्लॉक होता, परवाना होता, फी होती. नव्हती ती मोजणी, आणि फीचा पैसा त्याच जनावरामागे घालण्याची सक्ती. त्यामुळे खातं चालू ठेवण्याजोगं उरलं नाही आणि ते बंद करावं लागलं. इथं शिकार पुन्हा सुरू व्हावी असं मी अजिबात म्हणत नाही. आपली लोकसंख्या, आपली राखण आणि आपले वशिले पाहता ते वेडेपणाचं होईल. पण जनावराला मारणारा तोच त्याचा पोशिंदा, हे मला डेन्व्हरला जाईपर्यंत केवळ शाब्दिक चमत्कार वाटत होतं. तिथं त्याची पावती पाहिली.

या व्यवस्थेच्या पायाखाली मात्र पाणी शिरलंय. अमेरिकेच्या लोकसंख्येत शिकाऱ्यांचं प्रमाण गेली चार दशकं घटत आलंय. मास्तरांची दोन मुलं. एकानंही बंदूक हाती धरलेली नाही. अबकारी कराचा ओघ आटला नाही, पण त्याचं कारण भलतंच आहे. आज बंदुका-काडतुसांची बहुतेक विक्री शिकारीसाठी नसतेच, ती शहरातल्या माणसाच्या भीतीपोटी किंवा हौसेपोटी होते. २०२०च्या महासाथीत बंदुकांची विक्री उसळली आणि पाठोपाठ वन्यजीव निधीही फुगला. ही जमा भरवशाची धरावी की नाही, हे कुणा लेखापरीक्षकाला विचारायला हवं.

शहराला डोंगराविषयी मतं आहेत, आणि शहराकडे मतदान आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये कोलोरॅडोत लांडगे परत आणावेत की नाही यावर जनमत झालं. निसटत्या बहुमतानं ठराव पास झाला. होकार मुख्यतः डेन्व्हरच्या पट्ट्यातून आला, नकार मुख्यतः पश्चिम उतारावरून, म्हणजे लांडगे जिथं राहणार तिथून. डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगॉनमधले दहा लांडगे सोडले, जानेवारी २०२५ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातले आणखी पंधरा. लांडगा एल्क खाणार, हे उघड आहे. तो या डोंगरांत आधीपासून होता आणि माणसानंच त्याला संपवलं होतं, हेही तितकंच खरं. एवढ्या थोड्या लांडग्यांनी तीन लाखांच्या खात्यात फारसा फरक पडत नाही. मेंढपाळाच्या किंवा रँचवाल्याच्या खात्यात पडतो.

मला जास्त अस्वस्थ केलं ते लांडग्यापेक्षा सायकलनं. व्हेल हे स्कीइंगसाठी प्रसिद्ध गाव. त्याच्या जवळच्या ४५ क्रमांकाच्या युनिटात या शतकाच्या सुरुवातीला हजाराहून अधिक एल्क होते. २०१८-१९च्या सुमारास मोजणीत शंभरही भरले नाहीत. या भागात झालेल्या संशोधनात दिसलं होतं की मे-जूनमध्ये व्यालेल्या माद्यांना चालणाऱ्या माणसांनी वारंवार उठवलं, तर पाडसं जगण्याचं प्रमाण घसरतं. घरंही वाढली, रस्तेही वाढले, सगळा दोष एकट्या पायवाटांवर टाकता येणार नाही. पण पाठीवर पिशवी, पायात महागडे बूट, सोबत कुत्रा, आणि मनात प्राण्यांविषयी प्रेमच प्रेम, असा जो माणूस त्या वाटेनं जातो, त्याला परवाना लागत नाही, त्याची संख्या कुणी ठरवत नाही आणि त्याच्या बुटांवर अकरा टक्के कर नाही. असा कर लावावा अशी सूचना अमेरिकेत पूर्वी होऊन गेली आहे. बूट-पिशव्यांच्या धंद्यानं ती हाणून पाडली. माझी मुलगी आणि जावई दर रविवारी अशाच वाटांवर असतात, म्हणून हे वाक्य मी जरा जपून लिहितोय.

२००२ मध्ये ट्रॅपर्स लेकभोवतीचं जंगल जळालं होतं, तळ्याकाठची जुनी लाकडी विश्रांतीगृहंही त्यात गेली. काही वर्षांत काळ्या खोडांखाली दाट गवत आलं आणि एल्क तिथं हौसेनं चरू लागले. जुने शिकारी जळिताच्या जागा नकाशावर खुणा करून ठेवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मीकरच्या आसपास पुन्हा आग लागली. ली नावानं ओळखली गेलेली ही आग एक लाख तीस हजार एकरांहून जास्त मुलखावर पसरली. या वेळी जळालं ते बरंचसं खालच्या अंगाचं रान, पिन्यन-ज्युनिपरची खुरटी झाडं, ओकची झुडपं आणि सेजब्रश. एल्कला तिथं येत्या काही उन्हाळ्यांत कोवळं गवत मिळेल. पण सेजब्रश जळाल्यावर पुन्हा धरायला कित्येक वर्षं लागतात, कधी तीस-चाळीस, आणि मध्ये परदेशी तण घुसलं तर तेही नाही. म्यूल डियर हिवाळा काढतात तो या झुडपांच्या काटक्यांवर. एकाच आगीची एका कळपाच्या खात्यात जमा पडणार, दुसऱ्याच्या खात्यात नावे. किती, ते पुढच्या हिवाळ्यांत हेलिकॉप्टर त्या काळ्या उतारांवरून गेल्यावर, शंभर माद्यांमागे पाडसं मोजूनच कळायचं आहे.